डंपाखालच्या शेतात पारा आहे का? कुठे शोधावा, नमुना कसा घ्यावा, अहवाल कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणीच्या डंपाच्या, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाच्या, पायथ्याशी भातशेत आहे. दर पावसात लाल गाळ शेतात उतरतो, रोपांची पाने तांबूस पडतात, वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे भाताचे पीक, तर जवळजवळ सुटलेच आहे. परदेशातल्या सोन्याच्या खाणींजवळ जमिनीत पारा साचतो असे वाचल्यापासून गावात बोलणे सुरू झाले की आपल्याही मातीत तो असणार. तर तो आहे का, तपासायचा कसा, तांदूळ खायचा की नाही, आणि निघालाच तर करायचे काय?

आधी उत्तर, मग कारणे. डंपावरून येणाऱ्या लाल गाळात धोक्याइतका पारा असण्याची शक्यता फार कमी आहे. पण खाणपट्ट्यात पारा नाहीच, असेही कोणी छातीठोकपणे सांगू नये. तो असलाच तर शेतभर पसरलेला नसतो, ठरावीक जागी साचलेला असतो. त्यातली पहिली जागा म्हणजे खनिजाची प्रत तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या मागचा शोषखड्डा. लोक डंपाखालची माती पिशवीत भरून आणतात आणि ही जागा कोणाच्या लक्षातच येत नाही.

सोन्याची गोष्ट वेगळी का, ते पाहू. पारा सोने आणि चांदी आपल्यात विरघळवून घेतो. छोट्या खाणींत खडकाचा भुगा पाऱ्याबरोबर घोळतात, जो गोळा तयार होतो तो तापवतात, पारा उडून जातो आणि सोने उरते. आधी भुगा धुऊन जड माल वेगळा काढला असेल तर एक ग्रॅम सोन्यामागे साधारण एक-दीड ग्रॅम पारा जातो. सगळा भुगा सरसकट घोळला तर तो कित्येक पट लागतो. माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्यात अशा छोट्या सोनेखाणींचा वाटा सर्वांत मोठा, ३७ टक्क्यांच्या आसपास आहे. लोखंड मात्र पाऱ्यात विरघळत नाही. म्हणून तर पारा विकतात तोच मुळी लोखंडी फ्लास्कमधून, एका फ्लास्कला ३४.५ किलो. आपल्याकडे खनिज फोडतात, चाळतात, पाण्याने धुतात, हायड्रोसायक्लोनमधून (पाण्याच्या भोवऱ्याने जड कण वेगळे करणाऱ्या यंत्रातून) फिरवतात. यात कुठल्याही पायरीला पारा लागत नाही. डंपात असते ते खनिजावरचे जांभ्याचे आणि मातीचे आवरण. त्यातला पारा निसर्गाने ठेवला तेवढाच.

आता हा ‘निसर्गाने ठेवलेला’ पारा नीट समजून घ्यायला हवा, कारण अहवाल हातात आल्यावर घबराट होते ती इथेच. लोहाची संयुगे आणि सेंद्रिय पदार्थ पाऱ्याला घट्ट धरून ठेवतात. हजारो वर्षे हवेतून किंचित किंचित पडणारा पारा जांभ्याच्या मातीत साठत जातो. अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या लाल मातीत, जिथे जवळपास एकही खाण नाही तिथेही, किलोमागे ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम पारा सापडतो. इतर बऱ्याच मातींत तो ०.०५ ते ०.१ असतो. म्हणजे सत्तरी-सांग्याच्या लाल मातीत ०.१५ निघाला तर ते खाणीचे पाप नव्हे. आणि एक साधा हिशोब लक्षात ठेवा: ०.१५ चा गाळ शेतात कितीही साचला तरी शेतातले प्रमाण ०.१५ च्या वर नेऊ शकत नाही.

मग पारा येतो कुठून?

गोव्याचे खनिज विकले गेले ते लोहाच्या टक्केवारीवर. थप्पीचा नमुना, बार्जचा नमुना, जहाजाचा नमुना, सगळे प्रयोगशाळेत जात. लोह मोजायची जुनी, पाठ्यपुस्तकातली पद्धत डायक्रोमेट अनुमापनाची, म्हणजे डायक्रोमेटचे द्रावण किती लागले यावरून लोह काढण्याची. सुमारे अर्धा ग्रॅम खनिज हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचे, गरम द्रावणात स्टॅनस क्लोराइड थेंब थेंब टाकत पिवळा रंग घालवायचा, वर एक-दोन थेंब जास्त द्यायचे, द्रावण थंड करायचे. मग ते जास्तीचे स्टॅनस मारण्यासाठी सुमारे १० मिलिलिटर मर्क्युरिक क्लोराइड एकदम ओतायचे. रेशमासारखा पांढरा साका आला तर पुढचे अनुमापन करायचे. साका करडा-काळा झाला तर स्टॅनस जास्त झाले, पारा धातुरूपात सुटला, तो फ्लास्क फेकून पुन्हा सुरुवात. पांढरा असो की काळा, दोन्हींत पारा असतो आणि काम झाल्यावर दोन्ही बेसिनमध्येच जाण्याची शक्यता असते.

१० मिलिलिटर पाच टक्क्यांच्या द्रावणात अर्धा ग्रॅम मर्क्युरिक क्लोराइड असते. त्यातला पारा ०.३७ ग्रॅम. दिवसाला २० चाचण्या धरल्या तर ७.४ ग्रॅम, वर्षाचे ३०० दिवस धरले तर दोन किलोच्या वर. हा केवळ हिशोब आहे, एखाद्या विशिष्ट प्रयोगशाळेविषयीचा आरोप नव्हे. पुढे टायटॅनियम क्लोराइडची पारारहित पद्धत आली, एक्स-रे यंत्रे आली, आणि ज्यांनी पद्धत बदलली त्यांचा पारा तिथे थांबला. पण जुना खड्डा जिथे होता तिथेच आहे. तुलनेसाठी आणखी एक आकडा: एक एकर भातशेताचा वरचा १५ सेंटिमीटर थर साधारण ८०० टन भरतो. त्यात सगळीकडे एक मिलिग्रॅमने वाढ व्हायची तर ८०० ग्रॅम पारा लागेल. म्हणून डंपाखालचे अख्खे शेत पाऱ्याने भरले, हे सहसा घडत नाही. प्रयोगशाळेच्या नाल्याच्या तोंडाशी दहा-वीस टन माती बाधित झाली, हे सहज घडू शकते.

या स्रोताला एक खूणही आहे. स्टॅनस म्हणजे कथील, डायक्रोमेट म्हणजे क्रोमियम. पारा, कथील आणि क्रोमियम एकाच जागी वाढलेले दिसले तर सांडपाणी प्रयोगशाळेचे, यात फारशी शंका राहत नाही. क्रोमियम एकटे पुरावा ठरत नाही, ते जांभ्यात मुळातच बरेच असते. कथील मात्र आपल्या मातीत उगाच वाढत नाही. म्हणून चाचणी मागताना कथीलही मागा. बहुतेकजण हे विसरतात.

दुसरा संशयित शेतीतलाच. धारबांदोडा-सांगे भागात संजीवनी साखर कारखान्याला पूर्वी ऊस घालणाऱ्यांची जमीन असेल तर तिथे बेणे कशात बुडवत होते ते विचारा. मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइड हे सेंद्रिय पाऱ्याचे बुरशीनाशक उसाच्या कांड्यांना आणि बटाट्याच्या बेण्याला वर्षानुवर्षे वापरात होते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने त्यावर बंदी घातली. टाकी जिथे ठेवत, उरलेले द्रावण जिथे ओतत, ती जागा तपासण्यासारखी. अख्खा उसाचा मळा तपासण्यात अर्थ नाही.

बाकीचे पटकन. यार्डातले जुने मर्क्युरी दिवे आणि त्यांच्या फुटलेल्या काचांचा ढीग. जुन्या पॅनेलमधले पाऱ्याचे स्विच. दगडी कोळसा जाळणारे कारखाने, ज्यांच्या धुरातून पारा दूरवर आणि विरळ पडतो. कोळशाचा पारा वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये दिसतो आणि वाऱ्याच्या दिशेने हळूहळू कमी होत जातो. त्याचा डंपाशी संबंध नसतो. किनाऱ्यावर शोधत असाल तर कारवारजवळ बिणग्याच्या कॉस्टिक सोडा कारखान्याच्या परिसरातला पारा अभ्यासकांनी पूर्वीच नोंदवलेला आहे, पण ते डिचोलीच्या शेताचे उत्तर नव्हे.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या, नंतर काही सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. अशा वेळी रसायनांच्या बाटल्या कुठे गेल्या, कुलूपबंद शेडमध्ये राहिल्या का, हे पंचायतीने लेखी विचारावे. मर्क्युरिक क्लोराइड पांढरी, जड भुकटी असते आणि पोटात गेली तर एखाद-दोन ग्रॅमही जीव घेऊ शकते. तशी बाटली सापडली तर हात लावू नये, झाकण उघडून वास तर मुळीच घेऊ नये.

नमुना: इथेच बहुतेक अहवाल वाया जातात

शेतासाठी नमुना एप्रिल-मेमध्ये घ्या, जमीन कोरडी आणि नांगरणीच्या आधी. गाळाचा नमुना मात्र पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांनंतर, पाटाच्या तोंडाशी ताजा साचलेला. दोन्ही वेगळे ठेवायचे, एकत्र मिसळायचे नाहीत.

एका शेतासाठी निदान पाच नमुने लागतात. एक, शेताचा वरचा ० ते १५ सेंटिमीटरचा थर. नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा काढून, कडेची चकती घेऊन, सगळे मिसळून, चार भाग करत समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणायचे. बांध, शेणखताचा ढीग, झाडाखालची जागा सोडायची. दोन, त्याच शेतात ६० सेंटिमीटर खालची माती. तीन, डंपाच्या वरच्या बाजूचे, गाळ न येणारे, त्याच प्रकारच्या मातीचे शेत. चार, पाटातला ताजा गाळ. पाच, पहिल्या नमुन्याचीच दुसरी बरणी, वेगळ्या क्रमांकाने, प्रयोगशाळेला न सांगता. पाचव्यावर पैसे वाया जातात असे वाटेल, पण पहिला आणि पाचवा यांच्यात तिसाहून जास्त टक्के फरक आला तर बाकीच्या आकड्यांवर भांडण्यात काही राम नाही.

संशयित खड्ड्याचे नमुने मिसळायचे नाहीत. तिथे नाल्याच्या तोंडापासून १, ३, १० आणि ३० मीटरवर, प्रत्येक जागी ० ते ५, ५ ते १५ आणि ३० ते ५० सेंटिमीटर असे वेगवेगळे घ्या. मिसळलेल्या नमुन्यात जास्त पारा असलेली जागा बाकीच्या स्वच्छ मातीत हरवून जाते. हातात नायट्राइल मोजे हवेत, चप्पल नको, बूट हवेत, आणि उन्हात तापलेल्या शोषखड्ड्यात वाकून उकरत बसू नये. पाऱ्याची वाफ जड असते, खोलगट जागी साठते.

भांडे काचेचे हवे, टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाचे. प्लास्टिकच्या पातळ पिशवीतून पाऱ्याची वाफ आरपार जाते: आतली बाहेर, आणि बाहेरचीही आत. नमुना बर्फाच्या पेटीत, चार अंशांच्या आसपास ठेवून न्या आणि २८ दिवसांत तपासून घ्या. मिथाइल पारा (पाणथळ मातीत जीवाणू बनवतात ते पाऱ्याचे रूप) मोजायचा असेल तर नमुना गोठवूनच न्यायचा. सर्वांत महत्त्वाचे: माती ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवू नये. माती तपासणीच्या नेहमीच्या कामात ही सवयच असते, आणि या तापमानाला पाऱ्याचा एक भाग उडून जातो. सावलीत, ४० अंशांच्या आत वाळवावी. ओलावा वेगळ्या चिमटीवर १०५ अंशांवर मोजून हिशोबात धरता येतो.

कुठे आणि कोणती चाचणी

मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. पारा त्यात नाही. म्हणून ‘माती तपासून घेतली, सगळे ठीक आहे’ याचा पाऱ्याशी संबंध नाही. पण ती पत्रिका फेकू नका. लोह-मँगनीजसाठी तीच कामाला येणार आहे.

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा शोधताना मान्यता आहे का एवढेच विचारू नका. मान्यतेच्या यादीत ‘मातीतील पारा’ आहे का आणि किमान किती मोजता येतो, हे विचारा. काहींची मान्यता फक्त पाण्यापुरती असते. किमान मोजमाप ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो किंवा त्याहून कमी हवे. ज्यांची मर्यादाच ०.५ आहे त्यांचा ‘आढळला नाही’ हा शेरा तुम्हाला काहीच सांगत नाही.

पद्धत दोनपैकी एक चालते. थेट तापवून सोन्याच्या जाळीवर पारा पकडणारे यंत्र, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची (ईपीए) पद्धत ७४७३. किंवा आम्लात विरघळवून शीत बाष्प पद्धत, म्हणजे ईपीए ७४७१. पहिलीत नमुना जेमतेम दशांश ग्रॅम लागतो, म्हणून माती १५० मायक्रॉनपर्यंत दळून एकजीव केलेली हवी, नाहीतर एकाच बरणीतून तीन वेगळे आकडे येतात. दुसरीत आपल्याकडे एक खास अडचण आहे. खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतली, माती खारट. परमँगनेट घातल्यावर क्लोराइडपासून क्लोरीन सुटतो आणि तो पाऱ्याच्याच तरंगलांबीला, २५३.७ नॅनोमीटरला, प्रकाश शोषतो. यंत्राला तो पाराच वाटतो. वर्कशॉपजवळच्या डिझेल मुरलेल्या मातीतही असेच फसवे आकडे येतात. अशा नमुन्यांवर ‘खारट’ किंवा ‘तेलकट’ अशी चिठ्ठी लावा. काम जाणणारा माणूस जास्तीचे हायड्रॉक्सिलअमाइन देऊन, बाटलीतली हवा काढून टाकूनच मोजतो. आयसीपी-एमएसवर (अनेक धातू एकदम मोजणाऱ्या यंत्रावर) पारा मोजत असतील तर नळ्यांना चिकटलेला आधीच्या नमुन्याचा पारा पुढच्यात उतरतो. तो रोखायला धुण्याच्या द्रावणात सोने घालतात. घालता का, एवढा एक प्रश्न विचारा. समोरचा गोंधळला तर दुसरीकडे जा.

हातात धरायचे एक्स-रे यंत्र घेऊन कोणी शेतात आला आणि ‘पारा शून्य’ म्हणाला तर मनावर घेऊ नका. त्याला पाच-दहा मिलिग्रॅमच्या खाली पारा दिसतच नाही. शोषखड्ड्यात सर्वाधिक पारा कुठे आहे ते शोधायला ते चांगले, शेताला निरुपयोगी.

अहवालाबरोबर कोरा नमुना (माती न घालता केलेली चाचणी) आणि प्रमाणित मातीचा (जिच्यातला पारा आधीच ठाऊक आहे तिचा) निकालही मागा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची २७११ए ही माती बऱ्याच ठिकाणी असते, तिच्यात पारा ७.४२ मिलिग्रॅम प्रति किलो. त्या दिवशी यंत्राने साडेचार दाखवले असतील तर तुमच्या नमुन्याचा आकडाही तसाच कमी आलेला असणार.

अहवाल हातात आल्यावर

एकक पाहा. मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे पीपीएम, मायक्रोग्रॅम प्रति किलो म्हणजे पीपीबी. १८० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१८ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या जांभ्याचा साधा आकडा. पंचायतीच्या बैठकीत ‘एकशेऐंशी’ एवढेच वाचले की काय होते ते सांगायला नको.

मग आकडा एकटा न वाचता जोडीने वाचा. वरचा थर आणि ६० सेंटिमीटर खालचा सारखाच, वरच्या बाजूचे शेतही सारखेच: नैसर्गिक. वरचा दुप्पट-तिप्पट आणि गाळही तेवढाच: गाळ कुठून आला ते शोधा. वरचा जास्त पण गाळ स्वच्छ: स्रोत डंप नाही, दुसरा आहे. प्रदूषण मोजणारे अभ्यासक पुष्कळदा पाऱ्याला लोहाने भागून तुलना करतात. खाणपट्ट्यात ही रीत चालत नाही, कारण इथे बाहेरून आलेला पदार्थ लोहच आहे. भागाकारात पारा नेहमीच कमी दिसतो. असा तक्ता दाखवून कोणी निर्दोषत्व सिद्ध करत असेल तर मूळ आकडे मागा.

पातळ्यांसाठी मी भातशेतीला चीनचे २०१८ चे मानक वापरतो, कारण ते भातखाचरांसाठी वेगळे आहे आणि सामूनुसार दिलेले आहे. सामू ६.५ पर्यंत असेल, आणि आपला बहुधा असतोच, तर ०.५ मिलिग्रॅमपर्यंत पुढे काही करण्याची गरज नाही. त्यावर गेला तर तांदूळ तपासायचा. सामू ५.५ किंवा त्याखाली असताना २ मिलिग्रॅम ओलांडला तर तिथे भात घेऊ नये. कॅनडाची शेतजमिनीसाठीची मर्यादा ६.६ आहे, पण ती पाण्याखालच्या शेताचा विचार करून केलेली नाही, म्हणून भाताला लावू नये. आपल्या २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांत २० मिलिग्रॅम प्रति किलो हा आकडा आहे. शोषखड्ड्यातून काढलेला गाळ त्याच्या वर असेल तर तो माती राहत नाही, धोकादायक कचरा ठरतो आणि तो उपशाच्या ट्रकमधून कुठेही नेऊन टाकता येत नाही.

भातशेत इतके नाजूक का, तर पाणी साचल्यावर मातीतला प्राणवायू संपतो आणि गंधक व लोहावर जगणारे काही जीवाणू साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा बनवतात. तो दाण्याच्या आतल्या पांढऱ्या भागात जातो, कांडण्याने निघत नाही. साधा पारा मात्र कोंड्यात जास्त राहतो. खाजनात दुहेरी अडचण: खाऱ्या पाण्यातले सल्फेट त्या जीवाणूंना खुराक देते आणि क्लोराइड मातीला चिकटलेला पारा सोडवते. म्हणून डोंगराकडच्या शेतात ०.६ आणि मानशीच्या (खाडीचे पाणी अडवणाऱ्या दाराच्या) आतल्या खाजनात ०.६ यांत मी खाजनाची काळजी आधी करेन.

तांदळाची चिनी मर्यादा ०.०२ मिलिग्रॅम प्रति किलो एकूण पारा. आता हिशोब: ६० किलोचा माणूस रोज ३०० ग्रॅम तांदूळ खातो आणि त्यात बरोबर ०.०२ आहे, तर आठवड्याला ४२ मायक्रोग्रॅम पोटात जाते. सगळा मिथाइल पारा धरला तरी आंतरराष्ट्रीय मर्यादा त्याच्यासाठी आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून कमी. गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी हिशोब वजनाप्रमाणे पुन्हा करा, आणि मासळी त्यात धरा. मोरी, मोठी इसवण यांच्यात पारा तारले-बांगड्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि त्याचा खाणीशी काही संबंध नसतो. गोव्यात बऱ्याच घरांत तांदळापेक्षा मोठा वाटा मासळीचाच निघेल.

पाने तांबूस का पडतात

ती पाऱ्याने नव्हे. जुन्या पानांच्या टोकापासून तांबडे-तपकिरी ठिपके, मग पान नारिंगी-जांभळट, मुळांवर गंजाचा थर: हे लोहाची विषबाधा झाल्याचे लक्षण आहे. पाणी तुंबलेल्या आम्ल मातीत लोह विरघळते आणि रोप ते ओढून घेते. लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी एकदा पाणी काढून जमिनीला बारीक भेगा पडेपर्यंत सुकू द्या, पालाश कमी पडू देऊ नका, चुना द्या. केरळात अशाच मातींसाठी हेक्टरी ६०० किलो चुन्याची शिफारस आहे, ३५० पहिल्या नांगरणीला आणि २५० महिन्याभराने. हीच सुकवण्याची पद्धत मिथाइल पाराही कमी करते, म्हणून अहवाल यायची वाट न पाहता ती सुरू करायला हरकत नाही. उलट अमोनियम सल्फेट आणि ताजा पाला पाण्याखाली गाडणे, या दोन्ही गोष्टी पारा असलेल्या शेतात टाळा.

गाळाचा थर दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर कुजलेल्या शेणखताबरोबर नांगरून मिसळता येतो. पाचच्या वर गेला तर खरवडून काढावाच लागतो, नाहीतर तो उन्हात फरशीसारखा बसतो. पाटाच्या तोंडाशी दोन बाय तीन मीटर, एक मीटर खोल खड्डा काढला तर रेती आणि जाड गाळ अडतो, पण बारीक लाल चिकणमाती त्यातून पुढे जाते. ती अडवायची तर डंपावरच झाडोरा आणि पायऱ्या हव्यात. विहिरीच्या पाण्यात मँगनीज तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा स्रोत नसल्यास ०.३. रिवण-कोळंब भागात, जिथे मँगनीजच्या खाणी होत्या, तिथे तर ही चाचणी पाऱ्याच्या आधी करावी. दीर्घकाळ मँगनीजची धूळ छातीत गेली तर हातपाय कापतात, चाल बिघडते; गावात त्याला पाऱ्याचा आजार म्हणून मोकळे होतात.

खरोखर निघाला तर

शोषखड्डा बाधित निघाला तर आधी त्यात जाणारे पाणी तोडा आणि वर ताडपत्री टाका. पावसाळा तोंडावर असेल तर भोवती चर काढा. पारा लोहाच्या कणांना चिकटून राहतो, स्वतः फारसा वाहत नाही. पण कण वाहून गेले की त्यांच्याबरोबर जातो. खणून काढणे अधिकृत कंत्राटदाराचेच काम, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवून, नोंद ठेवून. माती भाजून पारा उडवू नये, ती वाफ घरात जाते. व्हॅक्युम क्लीनर वापरू नये. मोहरी किंवा वाळा लावून पारा ‘शोषून’ घेण्याच्या योजनांवर पैसे घालू नका. वाळा डंपाचा उतार धरून ठेवायला उत्तम आहे, पारा काढायला नाही. बाहेरून कंपोस्ट आणाल तेव्हा त्याचा अहवालही पाहा, खत नियंत्रण आदेशात पाऱ्याची मर्यादा ०.१५ मिलिग्रॅम प्रति किलो आहे.

माणसांची तपासणी सरसकट नको. जुन्या प्रयोगशाळेत काम केलेल्यांची लघवी तपासावी, क्रिएटिनिनसह. धातुरूप आणि साधा पारा तिथे दिसतो. मिथाइल पाऱ्यासाठी केस किंवा रक्त, आणि रक्त द्यायच्या आधीचे तीन-चार दिवस मासळी बंद. डॉक्टरांना पारायुक्त रसौषधी किंवा चेहरा उजळण्याची क्रीम वापरत असाल तर आधी सांगा. बिनब्रँडच्या क्रीममधला पारा लघवीत इतका वर येतो की खाणीवरचा सगळा तपास भलतीकडे जातो. ‘शरीरातले जड धातू काढतो’ म्हणणाऱ्या औषधांच्या वाटेला जाऊ नका. ती औषधे बांबोळीच्या सरकारी रुग्णालयासारख्या ठिकाणी, आकडा पाहून, देखरेखीखालीच द्यायची असतात.

पंचायतीने माहिती अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात: जवळच्या प्रक्रिया केंद्राला आणि प्रयोगशाळेला मंडळाने दिलेल्या संमतीपत्रातल्या अटी, धोकादायक कचऱ्याचे वार्षिक विवरण, आणि लोह मोजायची पद्धत कोणत्या वर्षी बदलली. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आले की नमुना कुठे घ्यायचा ते जवळजवळ ठरते. प्रयोगशाळा आधी कुठल्या शेडमध्ये होती हेही विचारून घ्या. इमारत हललेली असते, खड्डा जुन्याच जागी असतो.